दुसऱ्या अंतऱ्यानंतरचं ‘व्हय’

या गायकाची गाणी तुम्ही ऐकलेलीच आहेत. लग्नमांडव असो नाहीतर हॉटेल, ती पाठ सोडत नाहीत. मी सांगते आहे ती त्याची पहिली तबकडी, नाव होण्याआधीची. जाणकार तिच्याकडं नाक मुरडतात, गळा कच्चा आहे म्हणतात. असेल कच्चा. पण त्या गळ्यामागं पेटी वाजते ती माझ्या थोरल्या भावाची.

तबकडीवर त्याचं नाव नाही. साथीदाराचं नाव कोण छापतं? पण दुसरा अंतरा संपताना गायकानं एक जागा अशी घेतली, की वाजवता वाजवता भावाच्या तोंडून ‘व्हय’ निघून गेलं. दुसरा कुणी ‘वाहवा’ म्हणाला असता, आमचा नळदुर्गचा गडी ‘व्हय’ म्हणाला. ध्वनिमुद्रण करणारे साहेब खवळले, हे त्यानंच घरी येऊन हसत सांगितलं. पुढं गायकाचं नाव झालं आणि तेच गाणं मोठ्या वाद्यमेळात नव्यानं निघालं, धुतल्या तांदळासारखं. आता मिळतं ते हेच. मला त्याचा अजून राग येतो.

तबकडी गावात पोचण्याआधीच भाऊ विषमज्वरानं गेला. आमचा जिल्हा हैदराबादेतून मुंबई राज्यात आला, त्या सुमाराची गोष्ट.

आमच्याकडं ग्रामोफोन नव्हता, पेठेतल्या कापडवाल्या चाचांकडं होता. आईला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्यांदा ते ‘व्हय’ ऐकलं आणि ती पदर तोंडाला लावून खाली बसली. मग दर बाजाराला चाचांच्या पायरीवर येऊ लागली.

“भाईसाब, तेवढंच लावा.”

चाचा पिन बरोबर त्या जागी टेकवायचे. पेटीचा सूर चढला की आई विचारायची, “जेवलास का रं?”

“व्हय,” तबकडीतून भाऊ म्हणायचा.

मग आई उठून भाजी घ्यायला जायची. बाजारातली माणसं बघत राहायची, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा मी चिडून म्हणाले, “आई, त्यो गाण्याला म्हणतोय, तुला न्हाय.”

“ठाव हाय मला,” ती म्हणाली. माझं ते बोलणं मला आजही खातं.

चाचांनीही बजावलं होतं, “भाभी, एकाच जागी पिन टाकून रेकॉर्ड खराब होती.” आई ऐकत नव्हती आणि चाचांना तिला नाही म्हणवत नव्हतं. दोनेक वर्षांत तेवढी जागा झिजली. एका बाजाराला आईनं विचारलं, तर नुसती खरखर आली. चाचांनी पिन बदलून पुन्हा लावलं. आईनं पुन्हा विचारलं. पुन्हा खरखरच.

“आज जेवला न्हाय त्यो,” आई म्हणाली. त्या दिवशी तीही जेवली नाही.

आईला जाऊन खूप वर्षं झाली. सोलापुरापासून हैदराबादेपर्यंत मी ती तबकडी शोधली, लोक नवीच हातात ठेवतात. तुमच्या माळ्यावर जुनी असेल तर ऐका, गळ्याच्या कच्चेपणाकडं लक्ष देऊ नका. आणि दुसरा अंतरा संपत आला की माझ्या आईच्या वतीनं त्याला तेवढं विचारा, जेवलास का म्हणून.