सुलूची अबोल सेवा

उज्जैनमधल्या नानाखेड्याच्या बसस्टँडमागच्या कॉलनीत सुलोचना उजागरे कोण, हे कुणी सांगणार नाही. पण सुलूताई म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवेल. जवळच्या भैरवगढहून ठशांच्या छापाचं कापड आणायचं आणि घरच्या मशीनवर रजयांच्या खोळी शिवायच्या, हा तिचा धंदा. नवरा मधुकर रेल्वेतून रिटायर झालेला. सासरे नगर जिल्ह्यातले. रेल्वेच्या नोकरीपायी इकडे आले आणि हे ख्रिस्ती कुटुंब उज्जैनचंच होऊन गेलं.

सासूला सगळे अक्का म्हणत. त्यांना लकवा मारला, डावं अंग गेलं, तेव्हापासून त्यांचं सगळं सुलूच करायची. आंघोळ, कपडे, मऊ खिचडी, वेळच्या वेळी कूस बदलणं. इतकी वर्षं झाली, पण अक्कांच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही तिनं. डॉक्टर म्हणायचे, "ऐसी बहू नसीब से मिलती है." चर्चमधल्या सासवा आपल्या सुनांना तिचे दाखले देत, आणि सुना मनातल्या मनात तिच्या नावानं बोटं मोडत.

एक गोष्ट बाहेर कुणाला माहीत नव्हती. सुलू अक्कांशी बोलत नसे. "वळा", "तोंड उघडा", "झालं", बस्स, एवढंच.

कारण जुनं होतं. लग्न होऊन थोडीच वर्षं झालेली, नणंदेच्या लग्नाची घरात गडबड. त्यात शेजारच्यांकडे फोन आला, सुलूचे वडील गेले म्हणून. निरोप अक्कांनी घेतला आणि गिळून टाकला. सुलू पाहुण्यांना पुऱ्या तळून वाढत राहिली. वरात गेल्यावर तिला सांगितलं, तोवर माती होऊन गेली होती. बापाचं शेवटचं तोंड तिला दिसलं नाही.

भांडण तिनं कधी केलं नाही. आता मात्र अक्कांना उचलून बसवताना त्या शरमेनं नजर वळवायच्या, तेव्हा सुलूला आत कुठेतरी गोड वाटायचं. त्या गोडीकडे तिनं कधी नीट पाहिलं नव्हतं.

एका रविवारी पास्टरजींनी उपदेशात सांगितलं, माणूस पापानं इतका पोखरलेला आहे की स्वतःच्या बळावर तो देवाकडे तोंडसुद्धा वळवू शकत नाही. सुलूला ते बोचलं. आपण राबतो ते काय मग? पण उपासना संपल्यावर त्याच पास्टरजींनी तिला थांबवलं. "बहनजी, अगले महीने मंडली आपका सम्मान करेगी. शाल ओढ़ाएँगे." तिचा राग निवळला.

मधुकरनं घरी आल्या आल्या अक्कांना ही खबर दिली. अक्का अर्ध्या तोंडानं हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलू त्यांचं अंग पुसत होती. अक्का अडखळत म्हणाल्या, "घे शाल. माझंही खूप नाव झालं होतं."

"कशाबद्दल?" सुलूच्या तोंडून निघून गेलं.

"माझ्या सासूचं केलं म्हणून. तुझ्यासारखंच, तोंड मिटून. ती गेली तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं मला." अक्कांनी दम घेतला. "म्हणून मला समजतं, सुलू. तुझ्या हातातला राग कळतो मला."

सुलूच्या हातातलं फडकं थांबलं. नाही म्हणावंसं वाटलं. मग आवाज चढलाच. "बापाचं तोंड पाहू दिलं नाहीत तुम्ही!"

"नाही दिलं. लग्न खोळंबेल ही भीती होती. आणि खरं सांगू? माझ्या पोरीच्या लग्नात सगळे तुला जवळ घेऊन बसले असते. तेही नको होतं मला."

"मग इतक्या वर्षांत माफी का नाही मागितलीत?"

"जमलं नाही. ओठापर्यंत यायचं, पण मन नाही व्हायचं."

"मलाही माफ करता येत नाही, अक्का." सुलू खाटेच्या कडेवर बसली. "रोज प्रार्थनेत म्हणते, केलं माफ. खोटं म्हणते."

"मग येत नाही असंच म्हण ना. मीही तेच म्हणते हल्ली. प्रभू, मला येत नाही, तूच काही कर." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "पाणी गार झालं गं. आधी मला पुसून काढ."

सुलूला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले.

त्या संध्याकाळी ती पास्टरजींकडे गेली. शाल नको म्हणाली. त्यांना वाटलं, विनय आहे. तेव्हा तिनं सरळ सांगितलं, "सेवा नहीं थी वो. बदला था." आणि त्या उपदेशापासून मनात अडकलेलं विचारून टाकलं, "इंसान परमेश्वर की ओर मुड़ ही नहीं सकता, तो उसे दोष क्यों देना?"

"इसका पूरा जवाब मेरे पास नहीं है, बहनजी," पास्टरजी म्हणाले. "पर कल तक आपको ये बदला दिखता नहीं था. आज दिख रहा है. ये रोशनी आपने खुद जलाई क्या?"

सुलूनं मान हलवली. नाही. तिला तर ते बघायचंच नव्हतं.

"तो जिसने जलाई, उससे बात करती रहिए."

त्यानंतर फार काही चमत्कार घडला नाही. काही दिवस सकाळी उठल्यावर राग तसाच छातीवर बसलेला असायचा. मग ती डोळे मिटून म्हणायची, "प्रभू, आजही येत नाही." आणि उठून पाणी तापवायला ठेवायची. पण घरात बोलणं सुरू झालं. खोळी शिवता शिवता ती अक्कांना कापडाचे रंग दाखवायची, आणि अक्का नावं ठेवायच्या.

एका दुपारी अक्कांनी विचारलं, "तुझे वडील कसे होते गं? मी कधी विचारलंच नाही."

सुलूनं मशीन थांबवली. "तापट होते," ती म्हणाली. "पण गळा गोड. ख्रिसमसला वाडीभर गात फिरायचे." आणि सांगत राहिली. मधुकर चहा मागायला दारापर्यंत आला आणि तसाच परत फिरला. अक्का ऐकत होत्या. नजर त्यांनी वळवली नव्हती.