अजून दहा वर्षं काढतील

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या कामतघरच्या घरात खालचे कापडाचे लूम चालू होते आणि वहिनी काय सांगतेय ते मला ऐकूच येईना. मी फोन घेऊन गच्चीत गेले. "तुमचा दादा गेला," एवढंच तिने पुन्हा सांगितलं. टाकीची मोटर बंद करायला म्हणून तो अंगणात गेला होता. मोटर बंद झाली, पण तो आत आला नाही. बराच वेळ झाला म्हणून वहिनीने डोकावून पाहिलं, तर भिंतीला पाठ टेकून बसलेला... एक चप्पल पायात, एक बाजूला. माहेरी, दापोड्याला निघालो तर आमची रिक्षा गोदामांकडे वळणाऱ्या कंटेनरच्या रांगेत अडकली. रिक्षावाला हिंदीत शिव्या देत होता, आमचे हे पुढे उतरून ट्रकवाल्यांना हात जोडत होते आणि माझ्या मनात मात्र भलतंच येत होतं, की आता वज्रेश्वरीकडच्या त्या बाईला कोण सांगणार? त्या दिवशी ते मनात येऊन गेलं. मग दहावं, तेरावं, पाहुणे, भांडी यांत मी ते विसरले. सांगायला हवं होतं ते आम्ही कुणीच सांगितलं नाही.

माझा दादा, काशिनाथ, आमच्या गावातून नौदलात गेलेला पहिला माणूस. नौदल म्हणजे बोट, असं आईला वाटायचं. ती शेजारणींना सांगायची की काशी बोटीवर असतो. तो बोटीवर जवळजवळ नसायचाच. किनाऱ्यावरच्या तळावर हेलिकॉप्टर दुरुस्त करणाऱ्यांत तो होता. एका इंजिनाची लहान हेलिकॉप्टरं. समुद्रात कुणी बुडत असेल, बोटीवर कुणी आजारी पडलं असेल, तर हीच जायची. तो भरती झाला तेव्हाच ती जुनी झाली होती. वरचे लोक म्हणायचे, आता थोडेच दिवस, नवीन येतायत. प्रत्येक सुट्टीत दादा घरी येऊन तेच सांगायचा. पहिली काही वर्षं आम्हीही उत्सुकतेने विचारायचो. मग कळलं की कंपन्यांकडून किमती मागवल्या, चाचण्या झाल्या, आणि किंमत फार होते म्हणून सगळं रद्द झालं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली, तोवर किंमत आणखी वाढली, म्हणून संख्या कमी करायचं ठरलं. मग बाहेरून कशाला, इथेच बनवू या, असं निघालं. त्यात पुन्हा काही वर्षं. दादा म्हणायचा, यात खोटं कुणीच बोलत नव्हतं. महाग होतं हे खरंच होतं, इथे बनवावं हेही खरंच होतं. फक्त तोवर जुनं उडत होतं.

आणि ते उडवत ठेवणाऱ्यांत माझा भाऊ होता, याचा आम्हाला केवढा अभिमान! जुन्या हेलिकॉप्टरचे सुटे भाग मिळेनासे झाले होते; मिळाले तर दामदुप्पट आणि वर्षभराने. मग हँगरमध्ये एक हेलिकॉप्टर उभंच ठेवायचं, त्याचं काढायचं आणि दुसऱ्याला बसवायचं. दादा हे सांगताना हात असे फिरवायचा, जसं काही एखाद्या पाहुण्याला दुसऱ्याचं ताट वाढून दिलं. तो गर्विष्ठ होता, हे मी बहीण असून लिहिते. आपण हात लावला की चालणारच, असं त्याला वाटायचं. बहुतेक वेळा चालायचंही.

संतोष त्याला तिथेच भेटला. तळावरच्या जेवणाच्या रांगेत मागून कुणीतरी "वरण न्हाय का रं?" म्हणालं आणि आपल्याकडची बोली ऐकून दादाने वळून विचारलं, कुठला तू? वज्रेश्वरीच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा. आईबाप दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाणारे, पोरगा तानसा नदीत पोहून तयार झालेला. हेलिकॉप्टरमधून दोरीने खाली उतरून बुडणाऱ्याला वर घेणं, हे त्याचं काम. त्या दिवसापासून तो दादाला काका म्हणायला लागला. सुट्टीला दोघं बरोबर यायचे. माझ्या मुलीच्या हळदीला संतोष आला होता, आणि आमच्या गावच्या पोरांना लाजवेल असा नाचला होता.

त्याच हळदीत दादाने तो किस्सा सांगितला. दिल्लीहून काही मोठी माणसं तळावर आली होती. जुनी हेलिकॉप्टरं खरंच किती टेकीला आलीत, नवीन घ्यायची घाई आहे का, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. पाहुणे येणार म्हटल्यावर हँगरमध्ये सगळे झटले. इकडचं तिकडे बसवून, पुसून, रंगवून, जेवढी उडू शकतील तेवढी उडवून दाखवली. त्यांतल्या एकाने दादाजवळ थांबून विचारलं, काय, कशी आहेत? दादा छाती काढून म्हणाला, "अजून दहा वर्षं काढतील, साहेब." साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला... आमच्या मांडवात टाळ्या पडल्या. आमच्या ह्यांनी तो किस्सा दोनदा सांगायला लावला. संतोष पोट धरून हसत होता. पुढे कितीतरी महिने मी शिकवते त्या शाळेत, शेजारी, जिथे जाईन तिथे हे सांगत होते, की दिल्लीची माणसं आमच्या दादाला विचारतात.

पुढच्या वर्षी त्यांतलंच एक हेलिकॉप्टर, संतोष आत असताना, समुद्रात पडलं. एका मासेमारी बोटीवरच्या माणसाला आणायला निघालं होतं. किनारा दिसत असतानाच इंजिन थांबलं. दुसरं इंजिन असतं तर परत येता आलं असतं, पण दुसरं नव्हतंच. दोन्ही पायलट वाचले. संतोषने त्यांतल्या एकाचा पट्टा सोडवला, असं त्या पायलटनेच नंतर सांगितलं. स्वतः संतोष बाहेर आला नाही. चौकशी झाली. दादाच्या कामात काही खोट निघाली नाही. सगळं नियमाप्रमाणे तपासलेलं होतं. हेलिकॉप्टर जुनं होतं, एवढंच. संतोषचा देह घेऊन पाड्यावर गेलेल्यांत दादा होता. तिथून तो आमच्याकडे न येता परस्पर तळावर गेला. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता, तो त्याने कुणाशी फारसं न बोलता काढला.

दापोड्याला परत आल्यावर त्याने एक विचित्र गोष्ट सुरू केली. तो काहीच दुरुस्त करेना. वहिनीचा मिक्सर बिघडला, तो बाजारात जाऊन नवा घेऊन आला. पंखा कुरकुरायला लागला, काढून टाकला. शेजारी गमतीने म्हणायचे, काशीशेठला पेन्शन फार झाली. आमच्याकडे मात्र गंमत राहिली नाही. मंदीचे दिवस होते, आमचा एक लूम सारखा बंद पडत होता, आणि ह्यांनी दादाला बोलावलं. दादाने लूमभोवती एक फेरी मारली, हात मागे बांधूनच. मग म्हणाला, "भंगारात दे." हे भडकले. तिथे कामाला असलेल्या माणसांसमोर म्हणाले, "सरकारचं जुनं जन्मभर चालवलंत, आमचं चालवायला काय झालं?"

 दादा जिना चढून गच्चीत गेला, आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग. खालच्या बाकीच्या लूमचा आवाज पायांतून येत होता. मी ह्यांच्या वतीने माफी मागायला लागले, तर त्याने हाताने थांबवलं. "आम्ही चालवत ऱ्हायलो म्हनून नवीन आली न्हायत, बाय," तो म्हणाला. "बंद पडली असती तर त्यांना घ्यायलाच लागली असती. मी खरं बोलायला पायजे होतं त्या मानसाला. मना मोठेपना पायजे होता." मी म्हणाले, तुझ्या एका वाक्याने दिल्लीतले निर्णय होत नाहीत, तुझी यात काय चूक? त्यावर तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला अजून तो चेहरा दिसतो. "सगळे हेच सांगतात. पायलटनी सांगतलं, चौकशीवाल्यांनी सांगतलं. मग चूक कोनाची हाय, ते कोन सांगत न्हाय." मी त्या टाळ्यांबद्दल बोलू शकले असते. मांडवात सगळ्यांत मोठ्याने मीच वाजवल्या होत्या.

त्याच दुपारी त्याने सांगितलं की तो महिन्यातून एकदा वज्रेश्वरीच्या बसने संतोषच्या आईकडे जातो. जानकीबाई. नवरा मुलामागोमाग गेलेला, ती एकटीच असते. पहिल्यांदा गेला तेव्हा त्याने साहेबांना दिलेलं ते दहा वर्षांचं उत्तर तिला जसंच्या तसं सांगितलं होतं. मी विचारलं, काय म्हणाली ती? "काय न्हाय," दादा म्हणाला, "ती तिचं काम करते. मी थांबतो थोडा, आन् येतो." गुडघे दुखायला लागले तरी तो जात राहिला. वहिनी चिडायची, मी समजवायची. त्या दिवसानंतर ह्यांनी त्याला कधी काही सुनावलं नाही, पण माफीही मागितली नाही. अंत्ययात्रेत खांदा बदलायची वेळ आली तरी ह्यांनी बदलू दिला नाही... तेवढं त्यांना जमलं.

गेल्या आठवड्यात पेपरात पुन्हा तशीच बातमी होती. जुनी हेलिकॉप्टरं बदलायची आहेत, खर्च वाढला आहे, विचार सुरू आहे. ह्यांनी चष्मा काढून पेपर माझ्याकडे सरकवला, आणि तेव्हा मला ती बाई आठवली. दादाला जाऊन महिना उलटला होता. तिच्या हिशेबाने तो न सांगता यायचा थांबला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने निघाले. वज्रेश्वरीला उतरून देवळामागच्या वाटेने विचारत विचारत पाड्यावर पोचले. जानकीबाई अंगणात नाचणी पाखडत होती. मी कोण ते सांगितलं, मग दादा गेल्याचं सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं. कधी, एवढंच विचारलं. मी सांगितल्यावर ती सुपातल्या दाण्यांवरून बोटं फिरवत राहिली. उशिरा कळवल्याबद्दल मी काहीतरी पुटपुटले, तेही तिने ऐकलं की नाही, कळलं नाही.

"पयल्या वर्सी मी त्याला आत घेतला न्हाय," ती मग म्हणाली. "भायेरच उभा ऱ्हायचा. उन्हात. मी बघायची बी न्हाय."

मी म्हणाले, त्याने स्वतःला कधी माफ केलं नाही, मावशी.

"मी बी न्हाय केला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "पन यायचा."

ती उठली, चहा ठेवते म्हणाली आणि मला आत बोलावलं. ऊन चढलं होतं, चालून माझे पाय भरून आले होते. दाराच्या आत, भिंतीशी, सागाचा एक बुटका ओंडका होता. वर बसून बसून गुळगुळीत झालेला. मी पदर सावरून त्यावर टेकणार, तेवढ्यात चुलीजवळून तिचा आवाज आला.

"त्याच्यावर नको, बाय. तो त्याचा हाय. तुला गोधडी टाकते."