तापलेली बॅटरी आणि आमचे मामेसासरे

आमच्या मामेसासऱ्यांइतका संशयी माणूस मालवणपासून फोंडाघाटापर्यंतच्या पट्ट्यात दुसरा झाला नसेल. आकडा दाखवणारी प्रत्येक वस्तू खोटं बोलते, यावर त्यांची श्रद्धाच होती. घरात कुणाला ताप आला की मामा थर्मामीटर आधी स्वतः लावून त्याची परीक्षा घेत आणि शेवटी निकाल देत तो आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवूनच. सुरमई आणायला जाताना घरचं अर्ध्या किलोचं वजन पिशवीत असे. मासेवालीच्या तराजूत ते बरोबर भरलं तर मामा अधिकच गंभीर होत. "आज बरोबर कसा भरला?" असं पुटपुटत घरी येत. कुडाळला गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज त्यांनी जन्मभर चालवलं, तेही याच स्वभावावर. एका मीटरवर भरवसा नको म्हणून दुसरा लावायचा, आणि दोघांचे आकडे जुळले की "हे आतून मिळालेले आसत" म्हणत तिसरा काढायचा.

२००९च्या मे महिन्यात आम्ही त्यांच्याकडे असताना त्यांची मुलगी, जावई आणि छोटी नात पुण्याहून नवी हायब्रीड गाडी घेऊन आली. ही गाडी पेट्रोलवर चालते आणि बॅटरीवरही, असं जावयाने समजावलं. "म्हणजे तिचो दोघांवरय भरवसो नाय," मामा म्हणाले, आणि गाडी त्यांना आवडली. पाहुण्यांचं येणं दोन वर्षांतून एकदा, तेही उभ्या उभ्या. निघायच्या दिवशी मामांनी फणसाचे पापड बांधून दिले. डिकी घाटात आपोआप उघडते असा त्यांचा संशय होता, म्हणून पापड वाकळीत गुंडाळून ते गाठोडं त्यांनी मागच्या सीटच्या पाठच्या फळीवर स्वतःच्या हाताने कोंबून बसवलं.

फोंडाघाटाच्या पायथ्याशी गाडीत दिवा पेटला: बॅटरी तापली आहे. मंडळी थांबत थांबत माघारी आली. जावयाने वर्कशॉपला फोन लावला. बहुतेक बॅटरीचा तापमान मोजणारा सेन्सर बिघडलाय, नवा यायला आठ दिवस लागतील, तोवर गाडी हलवू नका, असं उत्तर आलं. जावई म्हणाला, "माझी रजा संपली. मी उद्या एसटीने पुढे जातो, या दोघी राहतील." मामींनी लगेच आंबोळ्यांसाठी तांदूळ भिजत घातले आणि नात तर आनंदाने ओरडतच सुटली. मामा म्हणाले, "शेन्सरच तो. खोटा बोलल्याशिवाय ऱ्हवतलो कसो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी रबरी हातमोजे चढवले, बॅटरीचा मुख्य खटका बंद केला आणि मीटर घेऊन बसले. त्यांची रीत साधी होती. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी सगळीकडे सारखीच गार झालेली असते. तेव्हा तिच्यातल्या सगळ्या सेन्सरांनी एकच आकडा सांगायला हवा. वेगळा सांगेल तो बिघडलेला. सगळ्यांनी एकच सांगितला. मामा उठले, घरासमोरच्या खळ्यात एक फेरी मारून आले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसले. आम्ही हसलो. नंतर त्यांनी तिसरा मीटरही लावला. सगळे सेन्सर ठणठणीत होते, म्हणजे बॅटरी खरोखरच तापली होती. ती का तापावी म्हणून मामा बॅटरी गार ठेवणाऱ्या पंख्याकडे वळले, पंख्यावरून मागच्या फळीतल्या हवा आत घेणाऱ्या जाळीकडे, आणि जाळीवर त्यांचीच वाकळ होती. मग गाठोडं उतरवून म्हणाले, "जावयबापू, शेन्सर बरो आसा. माझ्या वाकळीन बॅटरीचो श्वास कोंडलो."

जावयाने कुडाळपर्यंत जाऊन यायची फेरी मारली. दिवा पेटला नाही. जेवणं झाली आणि गाडी निघाली, पापड या वेळी डिकीतून.

संध्याकाळी मुलीचा घाट चढून गेल्याचा फोन आला. "दिवो पेटलो नाय मां? खरा सांग गो," मामांनी तिला पुन्हा पुन्हा विचारलं. फोन ठेवल्यावर मी त्यांना चिडवलं, "मामा, सकाळी सेन्सरांचं एवढं सरळ उत्तर आलं, तरी तुम्ही पुन्हा मोजत बसलात. संशय काही सुटत नाही तुमचा."

मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुन्हा मोजलंय कारण पयलो आकडो माका आवडलो नाय. तो शेन्सर बिघडलेलो व्हयो होतो माका. आठ दिवस पोरगी घरात ऱ्हवली असती." मग म्हणाले, "म्हणान तिसरो मीटर लावलंय. तो शेन्सरासाठी नाय, माझ्यासाठी."

आत मामी भिजवलेल्या तांदळाचं आता काय करायचं ते विचारत होत्या.