ओनोफ्रेचा गुलाबी फासा

…तर फासा अजून बर्फाच्या कप्प्यातच होता. काल आपण तिथंच थांबलो होतो. आदल्या शनिवारी या पठ्ठ्यानं लागोपाठ तीनदा ‘एक’ दाखवला, म्हणून ओनोफ्रेनं त्याला शिक्षा फर्मावली होती. वीस बाजूंचा फासा, वीस आकडे अंगावर मिरवतोय, आणि ऐन लढाईत याला दाखवायला तेवढा एकच आकडा सापडावा! ओनोफ्रेनं त्याला चिमटीत धरून फ्रीजपर्यंत नेलं, डुकराच्या चरबीच्या डब्यामागे ठेवलं आणि दम भरला, “बस इथं आठवडाभर. अक्कल येईल.”

त्याची बायको जुरेमा तिथंच कॉफी गाळत होती. तिनं मागं न बघताच विचारलं, “आणि मी सांतो आंतोनियोला पाण्याच्या ग्लासात उलटा ठेवला, तेव्हा कोण म्हणत होतं, बाई, संताचे असे हाल करू नयेत?”

“अगं, तुझा संत तुझ्या बहिणीला नवरा शोधून देईना, एवढंच. माझ्या फाशापायी माणूस मरायची वेळ आलीय!”

“कुठला माणूस?”

“दोम फुल्जेन्सियो!”

“तो कागदावरचा?”

यावर ओनोफ्रेनं फ्रीजचं दार धाडकन लावलं. कारण दोम फुल्जेन्सियो कागदावरचा होता हे खरं, पण ओनोफ्रेला तो काही मेव्हण्यापेक्षा कमी जवळचा नव्हता.

पेद्रा मान्सा गावात ओनोफ्रेचा धंदा कवळ्यांचा. दातांचा डॉक्टर माप घ्यायचा, कवळी हा बनवायचा, आणि पेशंट हसत हसत आभार मानायचे ते डॉक्टरांचे. बावीस वर्षं हेच. गावातली निम्मी म्हातारी तोंडं ओनोफ्रेच्या हातची, पण रस्त्यात त्याला ओळख देणारी चारसुद्धा नव्हती. शनिवारी दुपारी मात्र त्याच्या कवळ्यांच्या कारखान्याच्या मागच्या खोलीत तीन खुर्च्या लागायच्या, आणि तिथं हाच ओनोफ्रे भाला घेऊन राजाच्या दरबारात जायचा, नि राजा उठून उभा राहायचा.

खेळ तसा सरळ आहे. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणी सरदार, कोणी चोर, कोणी मांत्रिक. प्रत्येकाचा एक कागद, त्यावर त्या माणसाचं बळ, अक्कल, नशीब सगळं मांडलेलं. सरदार म्हणाला, ‘मी वार करतो’, की वार लागला का हुकला हे फासा सांगणार. माणूस मेला की मेला. कागद फाडायचा, नवा माणूस घडवायचा. ओनोफ्रे कागद फाडायचा नाही. न नेलेल्या कवळ्यांचा एक खण होता, त्यात जपून ठेवायचा. त्या खणात एकोणीस कागद होते.

हेच तर गावाला कळायचं नाही. या खेळातलं जे जे म्हणून विकत मिळतं ते सगळं ओनोफ्रेकडे होतं. साओ पाउलोहून टपालानं मागवलेल्या शिशाच्या पुतळ्या होत्या. त्या तो कवळ्यांच्या रंगांनी रंगवायचा, म्हणून त्याच्या राक्षसांच्या हिरड्या अशा टवटवीत की डॉक्टरनं बघून खूश व्हावं. नकाशांच्या गुंडाळ्या होत्या, फासे ठेवायच्या मखमली पिशव्या होत्या, मेणबत्तीच्या आकाराचा दिवासुद्धा होता. आणि एवढ्या शस्त्रास्त्रांनिशी याचा माणूस पहिल्या तासात विहिरीत पडून मरायचा.

विहिरीचं कारण निराळं. खेळाचं मुख्य पुस्तक त्यांच्याकडे झेरॉक्स होतं, आणि झेरॉक्स काढणाऱ्यानं मधली आठ पानं गाळली होती. त्यात पोहण्याचे नियम होते. दोन वर्षं ही मंडळी अशी खेळली की त्या जगात कोणालाच पोहता येत नाही. गुडघाभर पाण्यात तीन सरदार बुडाले. नंतर या खेळाच्या मासिकात एका वाचकानं पोहण्याबद्दल काहीतरी विचारलं, तेव्हा यांना कळलं. ओनोफ्रेनं त्या दिवशी खण उघडून तिघांचे कागद बाहेर काढले आणि म्हणाला, “माफ करा रे बाबांनो.”

मासिक यायचं ते बस स्थानकासमोरच्या दोना झुल्मीराच्या टपरीवर. महिन्यातून एकदा, बसच्या टपावरून. आणि गंमत अशी की, खेळात गोष्ट सांगायची तीही दोना झुल्मीराच. साठीची बाई, केसांत पेन्सिल, आवाज असा की कंडक्टरही वचकून असायचे. मासिक आलं की आधी ती वाचणार. त्यातल्या ज्या राक्षसाला पुढच्या शनिवारी आणायचं, त्याची पानं ती स्टेपलर मारून बंद करायची आणि मग ते ओनोफ्रेला विकायची.

“दोना झुल्मीरा, हे मासिक मी विकत घेतलंय ना?”

“घेतलंयस.”

“मग त्यातली चार पानं मला बघता येत नाहीत, हे कसं?”

“राक्षस मेला की पिना काढ. तू आधी मेलास, तर मी काढीन.”

आणि ओनोफ्रे असा माणूस, की पिना कधी काढायचा नाही. पान उजेडासमोर धरूनसुद्धा बघायचा नाही. तिसरा खेळाडू तोन्यो, गावचा खाटीक, त्याला यावरून छळायचा. “अरे, तुझ्या जागी मी असतो तर स्टेपलरच चोरला असता!”

असो. मासिकाच्या मार्चच्या अंकात घरच्या घरी फासा कसा ओतावा हे आलं होतं. ओनोफ्रेला तर आंदणच मिळालं! साचे घरात, भट्टी घरात, कवळ्यांचं गुलाबी प्लास्टिक पोत्यानं. तीन रात्री खपून त्यानं वीस बाजूंचा फासा ओतला, दातासारखा घासला, चकाकी आणली, आणि आकडे असे कोरले की ज्याचं नाव ते. अगदी हिरडीच्या रंगाचा. तोन्यो म्हणाला, “हा फासा आहे, की कोणाचं दुखणं?” पण त्या फाशानं विसावा माणूस, म्हणजे आपला दोम फुल्जेन्सियो, आठ महिने जगवला. आठ महिने! ओनोफ्रेच्या घराण्यात एवढं आयुष्य कोणाला लाभलं नव्हतं. म्हणून तर त्या तीन ‘एक’चा एवढा जिव्हारी घाव. आता दोम फुल्जेन्सियो ड्रॅगनच्या गुहेत एका गुडघ्यावर, अंगात जीव नखाएवढा, आणि पुढचा वार त्याचा. चौदा किंवा वर पडले तर ड्रॅगन खलास. कमी पडले तर हा.

शनिवार उजाडला. सकाळी ओनोफ्रेनं फाशाची शिक्षा संपवली, गारठलेला जीव म्हणून कोमट ओल्या कापसात गुंडाळला आणि हाताशी आली त्या पांढऱ्या डबीत ठेवला. ती डबी कवळ्यांची. शेजारी तशीच दुसरी डबी होती. तिच्यात सेउ बेलार्मीनोची कवळी, वरची-खालची, ताजी.

सेउ बेलार्मीनो म्हणजे गावाचा भोंगा. चाळीस वर्षं चर्चच्या जत्रेत लिलाव पुकारले. वासरू असो, भाजलेली कोंबडी असो, शेजाऱ्यानं दान केलेला केक असो, हा असा ओरडायचा की पलीकडच्या डोंगरावरचे लोक बोली लावायचे. त्याच दिवशी दुपारी एक लग्न होतं, आणि सेउ बेलार्मीनो नवरीचा धर्मपिता. भाषण त्याचं. सकाळी दहाला तो स्वतः डबी न्यायला आला. ओनोफ्रे आत शिशाचा ड्रॅगन रंगवत होता. जुरेमानं एक डबी दिली. कुठली, ते आता तुम्ही ओळखलंच असेल.

दुपारी तीनला मागच्या खोलीत दोना झुल्मीरानं पुठ्ठ्याचा पडदा उभा केला, वही उघडली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, “ड्रॅगननं मान वळवली. त्याच्या नाकपुड्यांतून धूर येतोय. सरदार, वार कर.”

ओनोफ्रेनं क्रूसाची खूण केली. डबी उघडली. आतून बत्तीस दात त्याच्याकडे बघून हसले.

तोन्यो म्हणाला, “आज भाला नाही वाटतं. चावणार?”

“सेउ बेलार्मीनो!” ओनोफ्रेनं डबी फटकन मिटली. “अरे देवा, म्हणजे फासा लग्नाला गेला!”

“माझा फासा घे आणि टाक,” असं तोन्यो म्हणेल असं कोणाला वाटलं असेल, तर त्यानं हे लोक पाहिलेले नाहीत. दुसऱ्याच्या फाशाला हात लावायचा नाही, आपला कोणाला द्यायचा नाही, हे त्यांच्यात टूथब्रशासारखं. तोन्योनं उलट आपले फासे उचलून खिशात टाकले.

ओनोफ्रेनं काकुळतीनं दोना झुल्मीराकडे पाहिलं. तिनं घड्याळ बघितलं, वही मिटली. “ड्रॅगन थांबेल. त्याला हजार वर्षांची सवय आहे. लग्न थांबणार नाही. चला. पण वार माझ्या डोळ्यांदेखत पडला पाहिजे, सांगून ठेवते.”

अशी ही वरात निघाली. पुढे कवळीची डबी छातीशी धरलेला ओनोफ्रे, मागे रक्ताच्या डागांचा एप्रन घातलेला तोन्यो, त्याच्यामागे काखेत पडदा आणि वही घेऊन दोना झुल्मीरा.

चर्चशेजारच्या हॉलमध्ये वेगळाच गोंधळ माजला होता. धर्मपिता रुसला होता! सकाळपासून सेउ बेलार्मीनो कोणाशी अवाक्षर बोलला नव्हता. ओठ घट्ट मिटलेले, एक गाल फुगलेला, नजर छताला. ज्या माणसाला गप्प बसवायला पाद्री लागायचा तो गप्प, म्हणजे अपमान झाला असणार. नवरीच्या आईनं त्याची खुर्ची तीनदा बदलली. पाद्र्याच्या शेजारी बसवला. डुकराच्या भाजलेल्या कातडीचा सगळ्यात कुरकुरीत तुकडा समोर आणला, तर याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड उघडेना.

“काका, आमचं काय चुकलं ते तरी सांगा!” ती बिचारी रडकुंडीला आली होती.

काकांनी फक्त बोट वर केलं. थांबा.

ओनोफ्रेनं ते फुगलेलं गालफड पाहिलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. महिन्यापूर्वी डॉक्टर सुट्टीवर होते, म्हणून माप घेताना त्यानंच सेउ बेलार्मीनोच्या तोंडात गुलाबी मेणाचा गोळा दिला होता आणि बजावलं होतं, ‘हिरड्यांत धरा, बोलू नका, मी सांगेपर्यंत सोडू नका.’ आज डबीत ओल्या कापसात गुलाबी गोळा बघून शहाण्या माणसानं तेच केलं होतं. पाच तास!

“सेउ बेलार्मीनो,” ओनोफ्रे कानाशी म्हणाला, “सोडा.”

तोंड उघडलं. फासा टपकन ओनोफ्रेच्या तळहातावर पडला, ऊन-ऊन. ओनोफ्रेनं पाठ करून आडोसा केला, दात धुतले, बसवले. सेउ बेलार्मीनोनं जबडा दोनदा आपटून पाहिला आणि अख्खा हॉल हादरेल असा ओरडला, “तुझी वाट बघून बघून तोंडाचं लाकूड झालं, गाढवा!”

टाळ्याच टाळ्या! नवरीची आई तर ओनोफ्रेच्या गळ्यातच पडली. पुढे पाऊण तास भाषण झालं, त्यात नवरीचं नाव दोनदा आलं, बाकी सगळं मेणाबद्दल.

ते संपलं तसं मिठाईच्या टेबलाच्या कोपऱ्यावर दोना झुल्मीरानं दोन थाळ्या सरकवून जागा केली, पडदा उभा केला. तोन्यो फाशाकडे बघत म्हणाला, “बर्फात आठवडा, बेलार्मीनोच्या तोंडात पाच तास. आता सुधारला नाही, तर कधीच नाही.”

काक्या, मावश्या, बँडवाले सगळे गोळा झाले. काय चाललंय ते तोन्योनं दोन वाक्यांत सांगितलं, आणि एक मावशी तर लगेच माळ काढून दोम फुल्जेन्सियोसाठी जप करायला लागली.

ओनोफ्रेनं फासा मुठीत घेतला. टाकला. फासा केकच्या थाळीला लागला, वळला, एका कडेवर क्षणभर डुलला आणि पडला.

तेरा.

“अरेरे!” सगळ्यांच्या तोंडून एकदमच गेलं.

“एकानं काय होतंय, दोना झुल्मीरा!” नवरीची आई म्हणाली. “माझ्या मुलीचं लग्न आहे!”

तेवढ्यात मागून तो आवाज आला, नव्या दातांचा, जत्रेतला. “तेरा एकदा! तेरा दोनदा! कोण देतो चौदा? या शूर सरदारासाठी कोण देतो चौदा?”

“चौदा!” मावशी ओरडली.

“पंधरा!” बँडमधला तुतारीवाला.

“अठरा, आणि माझी कोंबडी!” कोणीतरी दारातून. हॉलमध्ये हशा आणि गलका. चर्चची घंटासुद्धा वाजायला लागली, ती कोणी वाजवली देव जाणे.

दोना झुल्मीरानं केसांतली पेन्सिल काढली, टेबलावर टक्-टक् केली. गलका थांबला. बाई पडद्याआडून उठली, ओनोफ्रेच्या तोंडासमोर येऊन उभी राहिली, आणि पहिल्यांदाच जरा हळू आवाजात म्हणाली, “फासा तुझा, माणूस तुझा. या सगळ्यांनी अठरापर्यंत नेलंय. तूच सांग, ओनोफ्रे. मी काय लिहू?”

ओनोफ्रेनं फाशाकडे पाहिलं. मग लोकांकडे. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं, त्याला नावानं ओळखत होतं. त्यानं रुमालानं नाक पुसलं आणि म्हणाला, “तेराच लिहा, दोना झुल्मीरा. मारा त्याला. फक्त केक कापून होऊ द्या, लग्नघरात मयत बरी दिसत नाही.”