लाईट आली तेव्हा

काल मुलानं मोटरचा नवा डबा आणला. "आई, आता घरात बसून मोबाईलवरनं मोटर चालू करायची," म्हणाला. डब्यावरचा तांबडा दिवा लागला आणि मला लग्नानंतरची एक दुपार आठवली.

लग्न होऊन सणसरला आले, तेव्हा आमच्या मोटरला ऑटो होता. लाईट आली, की विहिरीवरची मोटर आपोआप सुरू व्हायची. एके दिवशी सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, तो काढून टाकला. "माणूस हिरीवर गेला, की उसावर नजर फिरती," म्हणाले. पायपीट माझ्या वाट्याला आली. आठवडाभर मी धुसफुसत होते.

आठवड्यानंतर, त्या दुपारी, पाईपात अडकलेलं शेवाळ काढायला तात्या विहिरीत उतरले होते. मी भाकरी थापत होते. अचानक डोक्यावरचा बल्ब लागला. लाईट वेळेआधीच आली होती! मोटरची जोड दिलेली जुनी केबल पाण्यात लोंबत होती; मोटर सुरू झाली, की पाण्यात करंट उतरणार. पिठाच्या हातांनीच मी बांधावरून पळत सुटले. हाक फुटत नव्हती. काठावर पोचले, पण आत वाकून बघायचा धीर होईना.

"कोण हाय?" खालून आवाज आला. तात्या छातीभर पाण्यात उभे होते.

"तात्या, लाईट आली!"

"मग पळत कशाला आलीस? मोटर काय आपोआप चालू व्हणार हाय व्हय?"

ऑटो काढलाय, हे मला तेव्हा आठवलं. मी पिठाचे हात पदराला पुसले.

मुलाला डबा परत करायला लावला. मी अजून चालतच जाते. बटण दाबायच्या आधी विहिरीत वाकून हाक मारते. आत कुणी नसतं, तरी दोनदा मारते.