आमच्या मेलेल्यांच्या नावांचा संघ

फोन आला तेव्हा मी बोंबील साफ करत होते. हात लुगड्याला पुसून उचलला, तर पलीकडून कोणी हिंदीत म्हणालं, "मौसी, मैं बावतीस बोल रहा हूं." मी म्हटलं, बावतीस कधीच मेला, तू कोण? तो म्हणाला, "अल ऐन से, मौसी. पास्कूभाई की टीम वाला." तेव्हा ओळख पटली. हा पठाण, गल्फमधल्या अल ऐनला एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत कामाला. त्याचं खरं नाव मी आजवर विचारलेलं नाही. बावतीस हा आमचा काका, ताडावरून पडून गेला. तर माझा धाकटा भाऊ पास्कू गेल्याची बातमी मला बावतीसकाकाने दिली, तीही हिंदीत. असं फक्त पास्कूच्याच बाबतीत होऊ शकतं.

पास्कू तिकडे दुबईजवळच्या जबल अलीला कंपनीच्या बसची वाट बघत उभा होता, तिथेच कोसळला. खांद्याला पिशवी होती, अल ऐनला निघाला होता. उभ्यानेच गेला हे ऐकून मला नवल वाटलं नाही. हा माणूस बसायचाच नाही. मी अल ऐनला एका शाळेत आया म्हणून होते, नवरा गेल्यावर पास्कूनेच नेलं होतं. आम्ही दोन खोल्यांत राहायचो. मी जेवण वाढायची आणि हा ताट हातात घेऊन ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत. "बस रे, बसून जेव," मी ओरडायची. "बाय, बसलो की झोप येते," हे त्याचं ठरलेलं उत्तर. मला राग यायचा. भात सगळीकडे सांडायचा आणि झाडायला मी.

त्या येरझाऱ्यांतच तो मला अमेरिकेच्या फुटबॉलच्या गोष्टी सांगायचा. तो एका कंपनीच्या गोदामात सुपरवायझर होता. तिथला अमेरिकन साहेब नोकरी सोडून जाताना याला एक लांबुळका चेंडू आणि एक जाडं पुस्तक देऊन गेला. हाताने धरून पळायचं आणि नाव फुटबॉल! मी चौथी शिकलेली, पण एवढं मलाही कळतं की हे काही खरं नाही. पास्कूला मात्र वेड लागलं. तेही आजच्या मोठ्या खेळाडूंचं नाही, सुरुवातीच्या बुडालेल्या संघांचं. गिरणीतले, खाणीतले, मटणाच्या कारखान्यातले लोक. आठवडाभर घाम गाळायचा आणि रविवारी चिखलात एकमेकांची हाडं मोडायची. शेजारच्या गावाने जास्त पैसे दिले की आपला खेळाडू पुढच्या रविवारी समोरून खेळायचा. काही संघांना स्वतःचं मैदानच नव्हतं, गावोगाव हिंडायचे. एकदा बाहेर फार बर्फ होतं म्हणून मोठा सामना छपराखाली घेतला, तिथे नुकतीच सर्कस होऊन गेली होती, खेळाडू हत्तीच्या शेणाच्या वासात लोळले. हे सांगताना पास्कू हसून हसून ताट सांडायचा. मी विचारायची, "मग त्या संघांचं काय झालं?" त्याचं हसू जायचं. "बहुतेक बुडाले, बाय. कोणी एक हंगाम, कोणी दोन. नाव काढायलाही कोणी उरलं नाही." हे त्याला फार लागायचं. का लागायचं, मला तेव्हा कळत नव्हतं. स्वतः आयुष्यभर एका कंपनीतून दुसरीत, एका खोलीतून दुसरीत. त्याच्या हातचं काही कुठे राहिलं नव्हतं.

मग त्याच्या डोक्यात आलं, आपण इथे लीग काढायची. चार संघ: गोदाम, हॉटेल, गॅरेज आणि इस्पितळाचे ड्रायव्हर. आणि बैठक गाड्यांच्या शोरूममध्येच व्हायला पाहिजे, कारण अमेरिकेत पहिली लीग ठरली ती एका शोरूममध्ये. खुर्च्या पुरल्या नाहीत तेव्हा माणसं गाड्यांच्या पायऱ्यांवर बसली होती. इथे शोरूममध्ये एक केरळचा सेल्समन ओळखीचा होता. शुक्रवारी सकाळी दुकान बंद असताना त्याने यांना आत घेतलं. मी चहाचा थर्मास घेऊन गेले होते. वीसेक माणसं, आठ देशांची, नव्या पिकअपवर बसलेली, आणि तो सेल्समन कपडा घेऊन मागे मागे, "हबीबी, पेंट! पेंट!" चांगल्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पास्कू कोणाला त्यांवर बसू देत नव्हता. "खुर्चीवर बसून लीग होत नाही," म्हणे. मी म्हटलं, वेडा झालास. पण खरं सांगायचं तर त्याचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता.

मैदान म्हणजे खजुराच्या बागेमागची वाळू. एकमेकांना पाडायचं नाही, कमरेला खोचलेलं फडकं ओढायचं, ते ओढलं की माणूस पडला असं धरायचं. फडकी माझ्या जुन्या लुगड्यांची. तरी गॅरेजच्या एकाने दुसऱ्याला पाडलंच आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. तो कामावर जाईना तेव्हा मॅनेजर लोक जागे झाले. म्हणाले, खेळाच्या कागदावर ज्याचं नाव दिसेल त्याचा व्हिसा खलास, परत घरी. आणि निकाल तर कँटीनच्या भिंतीवर नावांसकट लागायचे. आपलं नाव वाचायला मिळतं म्हणून तर अर्धे लोक खेळायचे. पुढच्या शुक्रवारी मैदानावर सातच माणसं आली. पास्कू त्या दिवशी जेवला नाही. नुसता फिरत होता. मी म्हटलं, "बुडू दे. लोकांची पोटं आहेत." तो थांबला. म्हणाला, "अमेरिकेत कॉलेजची मुलं खोट्या नावाने खेळायची. कॉलेजला कळलं तर काढून टाकतील म्हणून." मी म्हटलं, "मग?" म्हणे, "मग आपल्याकडे नावं कमी आहेत का?"

आणि त्याने आमचं सगळं घराणं वाटून टाकलं. बावतीसकाका पठाणाला. इनासआजोबा एका नेपाळ्याला. कैतान, जो लहानपणी तापाने गेला, तो एका फिलिपिनोला. मी खूप भांडले. मेलेल्यांची नावं वाळूत लोळवतोस? "बाय, ते तिकडे नुसते पडून आहेत. इकडे पळतील तरी." शर्टांवर नावं शिवायचं काम अर्थातच माझ्यावर. मी मराठीत शिवली, मला तेवढंच येतं. ते बरंच झालं, कुठल्याही मॅनेजरला वाचता येईना. कँटीनच्या भिंतीवर लागलं, इनासने दोन वेळा चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली, आणि कोणाला इनास सापडेना. पास्कूने स्वतःचं नाव मात्र खरंच ठेवलं. म्हणाला, "एक तरी जिवंत माणूस पाहिजे."

पण गल्फमध्ये माणूस टिकत नाही. इनास नेपाळला गेला, कैतानचं काम संपलं. पास्कूने युक्ती केली. शर्ट जागेवर राहायचा, माणूस बदलायचा. जो शर्ट घालेल तो इनास. असे तीन इनास मी बघितले, तिसरा तर बांगलादेशी होता आणि मला आदल्या दोघांपेक्षा आवडायचा, ताट धुऊन ठेवायचा. मग कंपनीने गोदाम जबल अलीला हलवलं. तिथे माणसं जास्त, मैदान मोठं. लोक म्हणाले, लीग तिकडेच ने. पास्कू तयार होईना. अमेरिकेतही छोट्या गावांचे संघ मोठ्या शहरांनी उचलून नेले आणि गावं रिकामी राहिली, हे तो पुन्हा पुन्हा सांगायचा. म्हणून माणूस जबल अलीला आणि संघ अल ऐनला, असा संसार त्याने मांडला. गुरुवारी काम सुटलं की बस, मग टॅक्सी. शुक्रवारी खेळ, चर्चमध्ये मिस्सा, परत. मी म्हटलं, मरशील एक दिवस त्या रस्त्यावर. म्हणाला, "यल्ला, चल बाय, शर्ट दे." मी गावी परतले तरी त्याचं हे चालूच होतं. रस्त्यावर पोचायच्या आधीच गेला, एवढाच फरक.

शवपेटीबरोबर त्याची पिशवी आली. आत शर्ट. त्याला सुटात पुरलं, पाद्रींना शर्ट दाखवलाही नाही. धुतला आणि स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला लावला. लोक म्हणाले, छान आठवण राहील. मला मात्र त्या शर्टाने बसू दिलं नाही. दार उघडलं की हलायचा. मी विळी ठेवायची, उठायची, पुन्हा बसायची... या वयात मीच ताट घेऊन उभी राहायला लागले.

पास्कूच्या महिन्याची मिस्सा झाल्यावर बावतीसचा पुन्हा फोन. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "मौसी, एक आदमी कम है. आदमी तो मिल गया... शर्ट आपके पास है." मी फोन ठेवला. फार राग आला. त्या रागात सगळं घर झाडून काढलं. मग शर्ट खाली घेतला, तर 'पास्कू' मधला 'पा' उसवलेला. मरेपर्यंत तसाच घालत होता मूर्ख. चष्मा लावून पक्का शिवला. आमच्या आळीतली एक नर्स अल ऐनला परत चालली होती, तिच्या हाती दिला. शर्ट घालायला असतो.

दारामागे खिळा आहे, रिकामा. काढणार होते, राहिला. गेल्या शुक्रवारी दुपारी फोन वाजला. तरुण आवाज, घाबरलेला, मागे माणसांचा आरडाओरडा. "मौसी, नमस्ते. मैं... मैं पास्कू बोल रहा हूं."

मी खिळ्याकडे बघितलं.

"खाना खाया?" मी विचारलं. "बैठ के खाना."