संडासाची चिठ्ठी

आमच्या ख्रिस्ती मंडळीचं मे महिन्यातलं शिबीर कोयनेच्या जंगलात भरतं. पूर्वी मिरजेहून एसटीने पाटण, तिथून जीप आणि शेवटचा चढ डोक्यावर सामान घेऊन पायी. आता रस्ता झालाय, माणसं गाडीतून थेट हॉलच्या दारात उतरतात. मी मात्र हल्ली गाडीतून उतरतानाच दमतो.

शिबिरात पगारी माणूस कुणी नाही. स्वयंपाक, पाणी, झाडलोट, सगळं आपणच करायचं. पहिल्या संध्याकाळी प्रार्थना झाली की बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा फिरतो. त्यात कामांच्या चिठ्ठ्या असतात. डॉक्टर असो, पाळक असो की उसाचा मोठा बागायतदार, निघेल ते काम पाच दिवस करायचं. ही पद्धत आमच्या आधीच्या लोकांनी घातली. माझ्या पणजोबांच्या वाट्याला गावची घाण उपसायचं काम जन्मानेच आलं होतं. तसं काम पुन्हा कुणाच्या घराला चिकटू नये, म्हणून हा डबा. वडील हे सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू व्हायचा.

चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं ते अक्षर बरं म्हणून. एका वर्षी संडासाची चिठ्ठी नव्यानेच लग्न झालेल्या एका मुलीला निघाली. ती रडली, नवरा भडकला आणि दोघं दुसऱ्याच दिवशी परत गेले. पुढच्या वर्षी मी ती चिठ्ठी लिहिलीच नाही. पहाटे सगळे झोपेत असताना स्वतःच काम उरकून टाकलं. एवढ्या वर्षापुरतं, असं मनाशी म्हणालो होतो. पण ना कुरकुर, ना रुसवेफुगवे, शिबीर कसं सुरळीत पार पडलं! मला माझंच फार कौतुक वाटलं. मग दरवर्षी तेच होत गेलं.

तेव्हा संडास म्हणजे खड्डा आणि गोणपाटाचा आडोसा. वरून माती लोटली की झालं. मग शिबीर वाढलं. तंबू जाऊन पत्र्याची शेड आली, शेडचा हॉल झाला, बोअर मारली, सौर दिवे लागले आणि शेवटी पांढऱ्या फरशीचे आठ संडास बांधले. उद्घाटनाला नारळ नाही, पण हार, फीत, फोटो, सगळं झालं. खड्ड्यावर कधी डाग दिसत नव्हता. पांढऱ्या फरशीवर सगळं दिसतं. विकास शिबिराचा झाला आणि कंबर माझी गेली. कौतुक तर कधीच ओसरलं होतं. उरली होती ती नुसती सवय.

यंदा पहिल्याच दुपारी मंडळीच्या पंचांची बैठक होती. मी एकदाचं सांगून टाकलं, संडासाचं काम आता माझ्याने होत नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ते काम कुणीतरी करतं, हेच बऱ्याच जणांच्या ध्यानात नव्हतं. तासगावकडचे एक पंच आहेत, सैन्यातून निवृत्त झालेले, मनाने चांगला माणूस. ते माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “आवं, एवढं काय मनाला लावून घेताय? तुमची लेक आलीया की. ती बघंल. तुमच्या घरात म्हाईत हाय न्हवं ते काम.”

तुमच्या घरात! त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं. पणजोबा ज्यातून बाहेर पडले, तिथेच मी घराला परत नेऊन बसवलं होतं, तेही सेवेच्या नावाखाली. राग आला तो त्यांचा कमी, माझाच जास्त.

संध्याकाळी मी ती चिठ्ठी सगळ्यांसमोर लिहिली, मोठ्याने वाचली आणि डब्यात टाकली. डबा फिरला. लेकीला भाजी चिरायचं काम आलं, मला जेवणाची घंटा. एकेक जण आपापली चिठ्ठी वाचून दाखवत होता, पण संडासाची कुणाला निघाली ते कुणी बोललं नाही. पाळकसाहेब म्हणाले, “असू द्या, सकाळी कळेलच.”

सकाळी सवयीने पाय तिकडेच वळले. टाकीमागे बादली नव्हती, ब्रशही नव्हता. आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मग दाराबाहेर लेकीच्या चपला दिसल्या.

“तुला तर भाजी आली होती ना?” मी विचारलं.

“कुणी आलंच नाही, पप्पा,” ती म्हणाली. “मग तुम्ही आला असता. म्हणून मीच आले.”

मी तिच्या हातातला ब्रश घेतला, बादलीत टाकला आणि बादली हॉलच्या दारात नेऊन ठेवली. मग घंटा वाजवली. लोक ताटल्या घेऊन आले. “ज्याला चिठ्ठी निघाली त्याने ही बादली उचलल्याशिवाय न्याहारी मिळायची नाही,” मी म्हणालो. पोहे परातीत गार होत चालले. मागून कुणीतरी म्हणालं, “जाऊ द्या हो, बारकी पोरं उपाशी आहेत.” कंबर भरून आली म्हणून मी बादलीशेजारीच पायरीवर बसलो. लेक ओल्या हातांनीच शेजारी येऊन बसली.

बऱ्याच वेळाने तासगावचे पंच पुढे आले. त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली आणि खाली बघत बादली उचलली.

“कसं करायचं त्ये तरी दावा,” ते म्हणाले. “मला कुठं म्हाईत हाय?”

मी हाताचा टेकू घेऊन उठायला लागलो. लेकीने खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

“आम्हालाही कुणी दाखवलं नव्हतं, काका,” ती म्हणाली.